बाकी भेटीअंती

आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या खाली, अण्णांची निळी आंतरदेशीय पत्रे सुतळीने बांधून ठेवलेली आहेत. अण्णा म्हणजे माझे वडील. गेल्या दिवाळीत आईला विचारून मी ती सुतळी सोडली आणि दोन दुपारी बसून शंभराहून अधिक पत्रे वाचून काढली. प्रत्येक पत्राचा मायना एकच: 'ती. आबांचे चरणी शि. सा. न. वि. वि.' त्याखाली 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे'. मग मनिऑर्डरीचा हिशेब, पाऊसपाण्याची चौकशी, म्हैस व्याली की नाही, धाकट्या आत्याच्या स्थळाचे काय झाले, आणि अक्षरे दाटीवाटीने कागदाच्या कडेला येऊन टेकली की एक ठरलेले वाक्य: 'बाकी भेटीअंती.'

लहानपणी हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले होते, कारण आलेले पत्र आमच्या सोप्यात मोठ्याने वाचले जाई. आबा, म्हणजे आजोबा, खांबाला टेकून बसत, आजी जात्यापाशी, चुलत्या उंबऱ्याच्या आत आणि आई सर्वांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराआड. त्या काळी नवऱ्याने थेट बायकोच्या नावाने पत्र लिहिण्याची रीत आमच्याकडे नव्हती. पत्र घरातल्या थोरल्या माणसाला लिहायचे आणि त्यात कुठेतरी 'मुलांची व त्यांच्या आईची प्रकृती कळवावी' एवढा उल्लेख करायचा. आईच्या वाट्याला संपूर्ण पत्रात तेवढीच एक ओळ येई. मात्र शेवटचे 'बाकी भेटीअंती' वाचले गेले की दाराआडची बांगडी हलल्याचा आवाज येत असे, हे मला आजही स्पष्ट आठवते. ज्या गोष्टी बारा माणसांसमोर वाचता येत नाहीत, त्या सगळ्या त्या दोन शब्दांत होत्या, आणि त्या कोणासाठी आहेत हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

आमचे गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. कृष्णेचे पाणी टेंभू योजनेने या बाजूला पोहोचण्याआधी इथे दुष्काळ हा पाहुणा नव्हता, तो घरचाच होता. खानापूर, आटपाडी, कडेगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसे म्हणून गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी भट्टीत वितळवून, तेजाबाने शुद्ध करून सराफाला परत देणे. देशात जिथे जिथे सराफ कट्टा आहे, तिथे तिथे विट्याकडच्या, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावाकडच्या, माणसाची भट्टी सापडण्याची शक्यता असते. अण्णा १९७२च्या दुष्काळात, पंधराव्या वर्षी, गावातल्या एका शेठबरोबर कोइम्बतूरला गेले ते २०१० मध्ये कायमचे परत आले. अडतीस वर्षांत ते चैत्रातल्या जत्रेला आणि जमले तर दिवाळीला घरी येत.

ते आले की पहिले दोन दिवस फारसे बोलत नसत. तमिळ, हिंदी आणि आमची बोली यांची सरमिसळ जिभेवरून उतरायला वेळ लागे. तिसऱ्या दिवशी रात्री अंगणात बाजा पडत, आणि मग वर्षभराची 'बाकी' फिटू लागे. मूस फुटली तेव्हा काय झाले, शेजारच्या दुकानातल्या आसारींनी, म्हणजे तमिळ सोनाराने, तापात कशी पेज करून घातली, कोणत्या सराफाने टंचावरून, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेवरून, भांडण काढले, हे सगळे आम्ही पहिल्यांदा ऐकत असू आणि ऐकताना त्यांचा हात, कपाळ, भाजल्याचे नवे डाग कंदिलाच्या उजेडात पाहत असू. आई बोलत नसे. आम्ही झोपल्यावर त्यांचे बोलणे सुरू होई आणि ते बरेच उशिरापर्यंत चालत असावे, कारण अर्धवट झोपेत मला दोन आवाजांची कुजबुज ऐकू येई.

मी त्या दिवसांचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. वर्षातून वीस दिवस बाप दिसणे ही काही सुखाची गोष्ट नव्हती. माझी धाकटी बहीण जन्मल्यावर आठ महिन्यांनी अण्णांनी तिला पाहिले आणि ती त्यांच्याकडे जाईना, तेव्हा ते गोठ्यात जाऊन उभे राहिले होते. विरहात काही पावित्र्य असते असे ज्यांनी तो भोगलेला नाही त्यांनाच वाटते. मला एवढेच म्हणायचे आहे की त्या निळ्या कागदाला आपली मर्यादा ठाऊक होती, आणि ती तो दर वेळी स्वतःच्या शेवटच्या ओळीत कबूल करत असे. त्या कबुलीत एक वचनही होते: भेट होणार आहे, आणि उरलेले तेव्हा.

पुढे १९९०नंतर गावातल्या वाण्याच्या दुकानात फोन आला. त्याचा क्रमांक अर्ध्या गावाचा पी.पी. नंबर, म्हणजे दुसऱ्याच्या फोनवर बोलावून घेण्याचा नंबर, होता. रात्री उशिरा एस.टी.डी.चे दर पावपट होत, म्हणून कोइम्बतूरच्या बूथवर रांग लावून अण्णा रविवारी रात्री फोन करत. आम्ही जेवणे उरकून अर्धा तास आधीच दुकानाच्या फळीवर जाऊन बसत असू. तिथे आमच्यासारखीच आणखी चार घरांची माणसे असत, कोणाचा मुलगा केरळात, कोणाचा दीर दिल्लीत. फोन तीन मिनिटांचा होई, पण त्याच्या आधीचा तो अर्धा तास आणि नंतरची घरापर्यंतची चाल हा आमच्या आठवड्याचा मोठा समारंभ होता. आईने पदरात मनातल्या मनात गाठी बांधून तीन गोष्टी ठरवून आणलेल्या असत, आणि त्यातल्या दोन सांगून होईपर्यंत वेळ संपे. तिसरी पुढच्या रविवारी.

मग मोबाइल आले. आधी बोलण्याच्या मिनिटाला पैसे मोजावे लागत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इतर कंपन्यांचे दरही कोसळले आणि आमच्यासारख्या गावांतही दिवसभर, मनात येईल तेव्हा, एकमेकांचा चेहरा पाहत बोलणे जवळजवळ फुकट झाले. आमच्या भावकीचा ग्रुप त्याच वर्षी तयार झाला. आज त्यात बासष्ट माणसे आहेत: कोइम्बतूर, त्रिशूर, अमृतसर, पुणे, दोघे आखातात, आणि गावात उरलेली चौदा.

या बदलाने काय दिले ते आधी सांगितले पाहिजे, कारण तक्रारीच्या भरात ते विसरले जाते आणि तो मोठा अन्याय होतो. माझ्या एका चुलतभावाला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही वाण्याच्या दुकानाच्या फळीवर बसत असू तेव्हा तोही आमच्याबरोबर येई, आणि सगळ्यांच्या कानाला आळीपाळीने लागणाऱ्या त्या काळ्या रिसीव्हरकडे नुसता पाहत राही. वसतिगृहाच्या शाळेत तो खुणांची भाषा शिकला, पण सुटीत घरी आला की त्या भाषेत त्याच्याशी बोलणारे कोणी नसे. शाळा सुटल्यावर मित्र विखुरले आणि त्याची भाषाच जणू त्याच्यापासून हिरावली गेली. आज तो रात्री जेवणानंतर फोन भिंतीला टेकवून उभा करतो आणि दोन्ही हात मोकळे सोडून तास-तास बोलतो. त्याचे हात इतक्या वेगाने, इतक्या नखऱ्याने चालतात की आम्ही त्याला पंचवीस वर्षे गप्प माणूस समजत होतो याची मला लाज वाटते. त्याचे लग्नही अशाच एका संभाषणातून जुळले. त्याच्यासमोर बसून 'पडद्यावरचे बोलणे खरे नसते' असे म्हणण्याची माझी हिंमत नाही, आणि तसे मला वाटतही नाही.

म्हणून माझा प्रश्न यंत्राविषयी नाही. तो त्या 'बाकी'विषयी आहे. ती कुठे गेली?

मला पहिल्यांदा हे जाणवले ते एका जत्रेत. त्रिशूरचा चुलता दोन वर्षांनी आला होता. पूर्वीसारख्या बाजा पडल्या, माणसे बसली आणि त्याने नव्या घराविषयी सांगायला सुरुवात केली. 'हो, पाहिले फोटो', कोणीतरी म्हणाले. त्याने मुलीच्या नाचाच्या कार्यक्रमाचा विषय काढला. 'व्हिडिओ टाकला होतास की, छान झाला.' पायाच्या ऑपरेशनचे तो सांगू लागला, तर तेही सगळ्यांना तारखेसह ठाऊक होते. प्रत्येक गोष्ट आधीच कळलेली होती. पंधरा-वीस मिनिटांत बोलणे संपले आणि एकेकाने खिशातून फोन काढला. त्यात कोणाचा उद्धटपणा नव्हता. सगळ्यांचे एकमेकांवर प्रेम होते आणि सगळे खरोखर आनंदाने जमले होते. परंतु विचारण्यासारखे कोणाजवळ काही उरले नव्हते. नंतर मला वाटत राहिले की पायाचे ऑपरेशन झाले हे आम्हांला ठाऊक होते, पण भूल उतरताना परक्या मुलखात, परक्या भाषेच्या दवाखान्यात त्याला काय वाटले होते, हे त्याला कोणीही विचारले नाही. ऑपरेशनची बातमी आम्हांला मिळाली होती, आणि तिने त्या प्रश्नाची जागा आधीच अडवून ठेवली होती.

मराठीत 'विचारपूस' असा एक सुंदर शब्द आहे. विचारणे आणि पुसणे, म्हणजे एकच क्रिया दोनदा. मला वाटते, त्या पुनरुक्तीत शहाणपण आहे. पहिल्यांदा विचारले की माणूस 'बरे आहे' म्हणतो. खरे उत्तर दुसऱ्यांदा पुसल्यावर येते. तार आणि पत्र यांच्यापासून आजच्या संदेशापर्यंत माहिती पोहोचवण्याची साधने सारखी सुधारत गेली. सरकारी तारसेवा तर जुलै २०१३ मध्ये बंदही झाली. पण दुसऱ्यांदा पुसण्याचे साधन अजून तेच आहे: समोर बसलेला माणूस, ज्याला निघून जाण्याची घाई नाही.

अण्णांच्या बाबतीत मला हे फार महागात पडले. मी पुण्यात होतो आणि २०१७ पासून रोज रात्री त्यांना व्हिडिओ कॉल करत असे. रोज. मला त्याचा अभिमान होता. ज्या बापाचा चेहरा मी वर्षातून वीस दिवस पाहत असे, तो आता रोज दिसत होता. ते हसत, 'जेवलास का' म्हणत, नातवाला चिडवत, आणि मधेच 'थांब, आईशी बोल' म्हणून फोन तिच्याकडे देत. २०१९च्या चैत्रात गलाईच्या धंद्यातले त्यांचे जुने सोबती जत्रेला आले. ते अंगणात येऊन बसले, पाणी प्यायले आणि दोन मिनिटांत म्हणाले, 'गळपट्टीचं बटण लावूनबी मान मोकळी फिरतीया तुमची. किती उतरलाय?' मग त्यांनी आईला विचारले, आणि आईने सांगितले की खोकला चार महिन्यांचा आहे. खोकल्याची उबळ येणार असे वाटले की ते फोन तिच्याकडे देत असत. मी चार महिने दररोज त्यांना पाहिले होते. चौकटीत चेहरा मावत होता. सदऱ्याची गळपट्टी तिच्या खाली राहत होती.

फुप्फुसांचे दुखणे निघाले. अडतीस वर्षे तेजाबाच्या वाफेत काढली होती. ते आणखी सव्वा वर्ष जगले आणि जुलै २०२० मध्ये गेले. तेव्हा करोनाच्या निर्बंधांमुळे अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती. त्याच वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकाही पायी न जाता एस.टी.च्या बसने पंढरपूरला गेल्या होत्या. जिथे वारी थांबली तिथे भावकी कशी येणार? एका पुतण्याने फोन उंच धरला. त्यात कोइम्बतूरचे आसारी दिसत होते. ते अण्णांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान आणि त्यांना 'अण्णा'च म्हणत. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. सरण पेटेपर्यंत ते त्यांच्या दुकानाच्या दारात, रस्त्याच्या कडेला, हात जोडून उभे होते. चित्र अडखळत होते, मधेच थिजत होते, पुन्हा सुरू होई तेव्हाही ते तसेच उभे असत. त्या दिवशी आलेल्या वीस माणसांत ते एकविसावे होते, असे मी आजही मानतो.

त्याच दिवशी ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असे शब्द एकाखाली एक येत गेले. संध्याकाळपर्यंत सर्वांचे लिहून झाले आणि रात्री कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. मला राग आला नाही. ज्यांना येता येत नव्हते त्यांनी दुसरे काय करायचे होते? पण निर्बंध उठल्यावर, वर्ष गेले, दोन वर्षे गेली, तरी त्यातली पुष्कळ माणसे आईला भेटायला आली नाहीत. त्यांच्या मते त्यांचा शोक व्यक्त करून झाला होता. खाते बंद झाले होते. पूर्वी पत्राने सांत्वन केले तरी 'समक्ष येतोच' असे लिहावे लागे, आणि लिहिले की यावे लागे.

विचारपुशीशिवाय नुसती माहिती माणसांच्या हाती पडली की काय होऊ शकते, याचे एक भयंकर उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, गावोगाव भिक्षा मागत फिरणारे पाच जण तिथे आले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश त्या दिवसांत फोनवरून पसरत होते. जमावाने त्या पाच जणांना ठार मारले. बाजार हे तर अनोळखी माणसाशी बोलण्याचे हक्काचे ठिकाण. कुठले, कोणाचे, कुठे निघालात हे प्रश्न तिथे मीठ-मिरचीइतके सहज विचारले जातात. त्या दिवशी माणसे समोरासमोर होती, हाताच्या अंतरावर होती, पण उत्तर आधीच खिशात येऊन पडले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात कोणताही संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. मी जेव्हा प्रत्यक्ष भेटीची महती सांगू लागतो, तेव्हा राईनपाडा मला थांबवतो. नुसते समोरासमोर येणे म्हणजे भेट नव्हे.

मग भेट कशाने होते? ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९०च्या दशकात मांडलेला विचार मला पटतो. माणसाला साधारण दीडशे माणसांशी अर्थपूर्ण नाते ठेवता येते, हा त्यातला आकडा सर्वांना ठाऊक असतो. मला मात्र त्यामागची गोष्ट महत्त्वाची वाटते. माकडांच्या काही जाती दिवसाचा पाचवा हिस्सा एकमेकांचे केस विंचरण्यात, उवा-किडे वेचण्यात घालवतात, आणि त्यावर त्यांची मैत्री टिकते. एका वेळी एकाचेच अंग वेचता येते, म्हणून कळप फार वाढू शकत नाही. माणसाने त्याऐवजी गप्पा आणल्या, असे डनबार म्हणतात. हे वाचताना मला आमच्या सोप्यावरची दुपार दिसली. भांडी आवरून बायका एकीमागे एक बसत, पुढचीचे डोके मागचीच्या गुडघ्यांत, हातात लाकडी फणी, आणि त्या अवस्थेत, डोळ्याला डोळा न भिडवता, सासरची, माहेरची, दुखण्याखुपण्याची कोणती गोष्ट त्यांनी एकमेकींना सांगितली नसेल! फणीला वेळ लागत होता म्हणून गोष्ट निघत होती. वेळ हीच ती वस्तू आहे, आणि ती कोणत्याही यंत्राने वाढत नाही. २०२२च्या अखेरीपासून व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ माणसे मावतात. संध्याकाळ मात्र पूर्वीएवढीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये सांगितले की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो. ज्या काळात कोणीही कोणालाही कधीही गाठू शकतो, त्या काळातली ही गोष्ट आहे. मला वाटते, त्या 'कधीही'तच मेख आहे. रविवारी रात्रीच बोलता येत होते तेव्हा रविवारची रात्र राखून ठेवलेली असे. आता केव्हाही बोलता येते, म्हणून कोणतीच वेळ कोणासाठी राखलेली नाही.

आमच्या गावापासून फार लांब नसलेल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने यावर जे केले, ते मला म्हणूनच फार मोलाचे वाटते. गाव सुमारे तीन हजार वस्तीचे. करोनाच्या काळात मुलांचे वर्ग फोनवर भरले, शाळा उघडल्यावरही फोन हातातून सुटेना. १४ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, महिलांच्या ग्रामसभेत विषय निघाला. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने भैरवनाथाच्या देवळावर भोंगा बसवला गेला. संध्याकाळी सातला तो वाजला की गावातले फोन आणि दूरदर्शन संच बंद करायचे, साडेआठला पुन्हा वाजला की सुरू करायचे. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांना समजावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला, त्याचीही चर्चा झाली. दोन्ही गावांची कळकळ एकच आहे, पण मला वडगावचा मार्ग अधिक पटतो, कारण तिथे बापालाही फोन खाली ठेवावा लागतो.

शिवाय वडगावने फोन टाकून दिला नाही. उरलेले साडेबावीस तास तो आहेच. त्या गावाने फक्त एक वेळ सर्वांसाठी एकदम मोकळी केली. हे एकेकट्याने होत नाही, याचा मी अनुभव घेतला आहे. अण्णांनंतर मी पुण्यात ठरवून संध्याकाळी दोन तास फोन कपाटात ठेवू लागलो. तीन आठवडे पाळले. पण मी फोन ठेवला तेव्हा समोरच्यांच्या हातात तो होता, आणि मी रिकाम्या देवळात आरती करणाऱ्यासारखा खोलीभर फिरत होतो. आपल्या जुन्या आयुष्यात भेटीच्या सगळ्या वेळा गावाने मिळून ठरवलेल्या होत्या: बाजाराचा वार, एकादशीचे भजन, जत्रेची तिथी, दिवेलागणीला ओट्यावर बसणे. त्यासाठी कोणाला निग्रह करावा लागत नसे. सगळेच तिथे असत, म्हणून आपणही असू.

गेल्या दिवाळीत पत्रे वाचून झाल्यावर आईसमोर आम्ही भावंडांनी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, रोजचा धावता व्हिडिओ कॉल बंद. त्याऐवजी रविवारी रात्री नऊला, सगळ्यांनी एकाच वेळी, हातातले काम बाजूला ठेवून बोलायचे. आईने सुरुवातीला कुरकुर केली, पण आता ती पुन्हा तीन गोष्टी ठरवून ठेवते. ऐकू न येणारा चुलतभाऊही असतो, आणि त्याची बायको त्याचे हात आम्हांला मराठीत वाचून दाखवते. आम्ही त्या खुणा हळूहळू शिकतो आहोत. दुसरी, ग्रुपवर कोणाच्या दुखण्याची किंवा मरणाची बातमी आली तर नुसते शब्द लिहून थांबायचे नाही. आमच्यापैकी कोण आणि कधी जाणार हे त्याच दिवशी ठरवायचे. आतापर्यंत पाच वेळा गेलो आहोत. एकदा नुसते चहा घेऊन परतलो, काहीच बोलणे झाले नाही. एकदा एका काकूंनी आमच्यासमोर चार वर्षांपूर्वीचे रडू रडून घेतले.

आणि एक बाकी माझ्याकडे राहिली होती. आसारी अण्णांच्या माघारी रोज सकाळी सहाला मला तमिळमध्ये सुप्रभाताचे चित्र पाठवतात: कधी मुरुगन, कधी कमळ, कधी समई. मी रोज हात जोडल्याची खूण पाठवतो. पाच वर्षे झाली. त्यांच्या दुकानात अण्णा बसत ती खुर्ची कुठे असेल, तापात पेज घातली ती खोली कोणती, अण्णा तिथे कोणत्या गोष्टीवर हसत, गावची आठवण आली की काय करत, आईविषयी कधी काही बोलले का, हे मी त्यांना एकदाही विचारले नाही. आमच्यात पुरेशी भाषा नाही, असे मी स्वतःला सांगत आलो होतो. त्यांची आणि अण्णांची भाषा तरी पहिल्या दिवशी कुठे एक होती?

मी पुण्याहून कोइम्बतूरच्या गाडीचे तिकीट काढले आहे. आई माझ्याबरोबर येणार आहे. अण्णांनी अडतीस वर्षे काढलेले ते गाव तिने एकदाही पाहिलेले नाही. काल सकाळी समईचे चित्र आले तेव्हा मी हात जोडल्याची खूण पाठवली नाही, येण्याची तारीख आणि गाडीची वेळ पाठवली. 'बाकी भेटीअंती' हे तमिळमध्ये कसे लिहायचे ते मला ठाऊक नव्हते. बराच वेळ उत्तर आले नाही. मग त्यांचा फोन आला, आणि त्यांनी अण्णांच्याकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत विचारले की आईला भात चालतो की भाकरीच लागते, आणि मी उत्तर दिल्यावर त्यांनी पुन्हा एकदा तेच विचारले.